फरसनाम्याचा चोर

शमशेर मुजावर मूळचा कवठे महांकाळचा. घरची जमीन माळाची. पाऊस लागला तर ज्वारी, नाहीतर नुसती नांगरट. पण आजोबांना फारसी येत होती. दर्ग्याच्या जुन्या सनदा ते ओळीवर बोट फिरवत वाचायचे, आणि नातवालाही त्यांनी लहानपणीच ती लिपी लावली. पुढं मिरजेला आणि मग पुण्याला शिकून शमशेरनं फारसीत एम. ए. केलं. असलं शिकून पोट भरतं का, असं गाव म्हणत होतं. पण त्याला नोकरी लागली, तीही साताऱ्यात.

नोकरी होती दक्षिण पोथी मंडळात. चढावरची दगडी इमारत, आत लाकडी कपाटांच्या रांगा, आणि त्यांत लाल बासनांत बांधून ठेवलेली हजारो हस्तलिखितं. मोडी होती, संस्कृत होती, कानडी, दखनी, फारसी, सगळं होतं. त्यातलं फारसी वाचणारा माणूस मात्र एकच. कुणा घराण्याचं फर्मान आलं की ते शमशेरच्या टेबलावर, परदेशचा कुणी अभ्यासक आला की त्याची खुर्ची शमशेरच्या समोर. वीसेक वर्षं असं चाललं. माणूस फार बोलका नव्हता आणि थोडा ताठ होता. चहाच्या घोळक्यात कधी उभा राहायचा नाही. शिपाई दादासोनं एखादं बासन ढिलं बांधलं, तर सगळ्यांदेखत त्याला ते सोडून पुन्हा बांधायला लावायचा. मंडळ आपल्यावाचून अडेल, आपलं मंडळावाचून अडणार नाही, असं त्याला वाटायचं. त्यातलं पहिलं खरं होतं.

मंडळाच्या संग्रहात सगळ्यांत मोलाचा होता फरसनामा. घोड्याची पारख कशी करावी, त्याला कोणते रोग होतात, त्यावर काय द्यावं, हे सांगणारा फारसी ग्रंथ. आदिलशाहीच्या काळात कुणी तरी नक्कल केलेला, आणि पानापानावर रंगीत घोडे. अबलख, कुमैत, पंचकल्याणी. कुणी मोठा पाहुणा आला की तो काढायचा, आणि शमशेरनं चार ओळी वाचून अर्थ सांगायचा, हा रिवाज होता.

एका उन्हाळ्यात पोथ्यांना कसर लागली म्हणून सगळ्या संग्रहाला औषधाची धुरी द्यायची ठरली. कपाटं रिकामी केली. जुनी कुजकी बासनं टाकून नव्या मांजरपाटाची शिवून घेतली. उचलठेवीला रोजंदारीवर पोरं लागली, तेव्हा शमशेरनं आपल्या आसिफलाही लावून दिलं. बावीस वर्षांचं पोरगं, कॉलेज सोडून बसलेलं. महिनाभर तरी कामाला लागेल, एवढाच त्याचा विचार. महिनाभर मंडळात नुसता गोंधळ होता. तो निवळल्यावर दिल्लीहून पाहुणे आले, संचालक डॉ. वीरधवल इंगवले यांनी फरसनामा काढायला सांगितला, आणि कपाटात फरसनामा नव्हता.

शोधाशोध झाली. फारसीचं कपाट चारदा उपसलं. बाकीच्या कपाटांतली बासनं मात्र नुसती मोजली. आकडा बरोबर आला, म्हणून ती कुणी सोडली नाहीत. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच टेबलाकडं वळल्या. फरसनामा वाचता येणारा तोच, त्याची किंमत कळणारा तोच, आणि धुरीच्या आधी शेवटचा हातात घेणाराही तोच. इंगवले आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी शमशेरला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मंडळाचं नाव खराब न होता वस्तू परत मिळाली तर आपण काहीही विचारणार नाही, असं चमचा ढवळत सांगितलं. शमशेरला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो चहा तसाच ठेवून उठला.

मंडळाच्या तक्रारीवरून पोलीस आले ते शुक्रवारी, लोक मशिदीतून बाहेर पडत होते नेमके तेव्हा. गल्ली माणसांनी भरलेली. घरातली मोठी ट्रंक त्यांनी उंबऱ्याबाहेर आणून उपडी केली. त्यात मुलीच्या, मुबश्शिराच्या, लग्नाचे कपडे होते. तिचं कुंडलला जमलं होतं, गॅरेजवाल्यांचं चांगलं खातंपितं घर. जरीचा शरारा गटारीच्या कडेला पडला आणि एका हवालदाराचा पाय त्याच्यावर पडला. सापडलं काहीच नाही. पण कुणी तरी मोबाईलवर सगळं टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत गावच्या एका वाहिनीवर ते आलं: मंडळातून पोथी लंपास, फारसीच्या जाणकाराच्या घरी झडती. जाणकार हा शब्द त्यांनी मुद्दाम लाल अक्षरात टाकला होता.

कुंडलहून मुलाच्या चुलत्याचा फोन आला. ते फार गोड बोलले. मुलगा इतक्यात लग्नाला तयार नाही, तुम्ही दुसरीकडं बघा, असं म्हणाले, आणि शेवटी साखरपुड्याची अंगठी कुणाच्या हाती पाठवायची तेही विचारलं.

इथवर शमशेरचं काही चुकलं नव्हतं. पुढं चुकलं.

आसिफनं तेवढ्यातच सांगलीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं काढलं होतं. भांडवल मोहसीन नावाच्या मित्राचं, असं तो सांगत होता. शमशेर ते ऐकत होता आणि त्याच्या मनात भलतंच घोळत होतं. धुरीच्या महिन्यात पोरगं मंडळात होतं. कपाटं उघडी होती. आता दुकान कुठून आलं? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. एका दुपारी त्यानं आसिफला समोर बसवलं, कुराण लाकडी रेहालवर ठेवलं, आणि हात ठेवून सांग म्हणाला. शमशेरची बायको हुसेनबी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुबश्शिरा तिच्यामागं.

आसिफनं हात पुढं केला नाही.

"बापानं नुसतं विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "शपथ घालून विचारलं तर न्हाई सांगणार."

शमशेरनं त्याच्या थोबाडीत मारली. निर्दोष असता तर हात ठेवायला काय झालं होतं, असं तो हुसेनबीला पुनःपुन्हा सांगत राहिला. हुसेनबी म्हणाली, पोरगं तुमच्यावरच गेलंय, ताठ हाय, एवढंच. त्यानं ते ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायानं इंगवल्यांकडं गेला आणि मुलाचं नाव देऊन आला. सत्य हे सत्य, मग घरातलं का असेना, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण संचालकांच्या खोलीतून बाहेर पडताना त्याला हलकं वाटलं होतं, आणि ते सत्यामुळं नव्हतं.

आसिफला पोलिसांनी दोन दिवस ठेवून घेतलं. तळपायावर मारलं. मोहसीनलाही बोलावून त्याचे बँकेचे कागद बघितले. पैसे त्याच्या वडिलांचेच होते. आसिफ सुटून घरी आला तो अनवाणी, चपला हातात घेऊन. आईच्या हातचं पाणी प्यायला, कपडे घेतले आणि सांगलीला गेला. परत आला नाही.

मुबश्शिराला पुढं दोन वर्षांनी महाबळेश्वरच्या एका बिजवराला दिली. माणूस टॅक्सी चालवायचा, पहिल्या बायकोची दोन मुलं होती. निकाहाच्या दिवशी तिनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि बापाला लांबूनच सलाम केला.

मंडळानं शमशेरला काढलं नाही. काढलं असतं तर फारसी वाचायला कुणाला आणायचं? पुरावा नाही म्हणून चौकशी मिटवली आणि नवे नियम केले. कपाटाची किल्ली मुजावरांकडं राहणार नाही. मुजावर मोठ्या दालनातच बसतील, आणि ते काम करत असताना समोर कुणी तरी बसेल. येता-जाता फाटकावर त्यांची पिशवी बघितली जाईल. नियम सगळ्यांना सारखे आहेत, असं इंगवले म्हणाले. पण दुसऱ्या कुणाची पिशवी कधी कुणी बघितली नाही.

फाटकावर दादासो होता. बासनं सोडून पुन्हा बांधण्याची सगळी वर्षं त्यानं वसूल केली. पिशवी बघून झाली की तो डबा मागायचा.

"आवं सायेब, चपातीची घडी बी उलगडा की," तो म्हणायचा. "घोडं कुठं बी मावतंय."

माणसं हसायची. पहिल्या वर्षी शमशेरच्या कानशिलाला आग लागायची. मग त्यानं डबा आणायचंच सोडलं, आणि दिवसभर उपाशी राहायची सवय करून घेतली.

समोर बसायला बहुतेक वेळा संयोगिता असायची. मोडी वाचणारी, हंगामी नेमणुकीवरची, पलूसकडच्या ऊसवाल्या घरातली मुलगी. ती एकटीच त्याला 'सर' म्हणायची. समोर बसायची पाळी आली की ती मुद्दाम आपलं काम घेऊन बसायची, पहारा करते असं वाटू नये म्हणून. तिच्यापाशी तो कधीमधी बोलायचा.

अशी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात संयोगिता रजेवर होती, आणि शमशेरला एका हिजरी तारखेची तिथी लावायची होती. तारखा जुळवायची छापील जंत्री कुणी तरी नेलेली. त्यानं त्या काळातली हस्तलिखित पंचांगं मागवली. वरच्या माळ्यावरच्या कपाटातली ती बासनं वर्षानुवर्षं कुणी मागत नसे. दादासोनं कुरकुरत एक मोठं बासन आणून टेबलावर टाकलं आणि समोर खुर्चीत बसून डुलक्या घ्यायला लागला. शमशेरनं गाठ सोडली. दोन पंचांगं बाजूला केली. तिसऱ्याच्या खाली फरसनामा होता.

त्यानं पान उघडलं. पंचकल्याणी घोडा होता, चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा. धुरीच्या गोंधळात नवीन बासनं बांधताना कुणी तरी एकाच मापाच्या पोथ्या एकत्र गुंडाळल्या, एवढंच झालं होतं. कुणी चोरला नव्हता. तो कधी इमारतीबाहेर गेलाच नव्हता.

हाक मारायला त्याचं तोंड उघडलं, आणि समोर दादासो घोरताना दिसला. हाक मारली तर पहिलं काय म्हणतील, ते त्याला तिथल्या तिथं कळलं. इतकी वर्षं कुणाला सापडला नाही, आणि मुजावरांनाच कसा सापडला? आणला असेल, ठेवला असेल. त्यानं तोंड मिटलं. मग आसिफचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. काही वेळानं त्यानं पंचांगं होती तशी रचली, गाठ मारली आणि दादासोला हलवून बासन परत न्यायला सांगितलं.

आठवडाभर त्याला अन्न गेलं नाही. हुसेनबीनं विचारलं तर पित्त म्हणाला. संयोगिता रजेवरून आली तेव्हा त्यानं दालनात कुणी नाही असं बघितलं.

"संयोगिताबाई, पंचांगाचं वरच्या कपाटातलं मोठं बासन एकदा तुम्हीच मागवा," तो म्हणाला. "तुम्हीच उघडा. माझं नाव नको."

ती हुशार होती. त्या बासनात काय आहे ते तिच्या लगेच ध्यानात आलं.  तिच्या नजरेत राग नव्हता, दया होती. मग तिनं हळू आवाजात विचारलं,

"परत ठेवलात का, सर?"

इतक्या वर्षांत त्याला इतकं कुणी मारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, दादासोनं नाही. नाही, एवढंच तो म्हणाला. तिनं मान हलवली, समजूतदार माणूस हलवतो तशी.

तिनं बासन लगेच मागवलं नाही. तिच्या कायम नेमणुकीची मुलाखत जवळ आली होती, आणि असल्या भानगडीत आपलं नाव नको, असं तिला वाटलं असावं. नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर तिनं बासन मागवून उघडलं आणि फरसनामा घेऊन ती इंगवल्यांकडं गेली. तिनं त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण इंगवल्यांनी दोनदा विचारल्यावर घेतलं.

इंगवल्यांनी शमशेरला बोलावून दार लावून घेतलं. ते खरोखरच खूश होते. उठून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मुजावर, झालं ते झालं. माणसाकडून होतं. तुम्ही वस्तू परत दिलीत, यात तुमचा मोठेपणा आहे. आता फक्त राजीनामा द्या, बाकी मी बघतो."

शमशेरनं जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. धुरी, बासनं, जंत्री. इंगवल्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग त्यांनी एकच विचारलं: दिसल्या दिवशी का नाही सांगितलंत? याला शमशेरकडं खरं उत्तर होतं, पण ते उच्चारल्यावर त्यालाच ते चोराचं वाटलं. मग तो म्हणाला, पोलीस बोलवा, पुन्हा चौकशी करा. इंगवले हसले. मंडळाची धुरीच्या वेळची चूक पेपरात छापून आणायची त्यांना काय गरज पडली होती? त्यांनी राजीनाम्याचा आग्रह सोडला. बसा म्हणाले, निवृत्तीपर्यंत बसा.

फरसनामा मिळाल्याचा समारंभ झाला. काचेची पेटी, तिच्यावर दिवा, मंत्री, पाहुणे. इंगवल्यांनी भाषणात सांगितलं की पोथीलाही आपलं घर ठाऊक असतं, आणि माणसाच्या आत कुठं तरी सद्सद्विवेक जागा होतोच. कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. नाव न घेतल्यामुळं सगळं सभागृह वळून मागच्या रांगेकडं बघायला लागलं. मग रिवाजाप्रमाणं मुजावरांना पुढं बोलावलं. शमशेर गेला, चष्मा लावला, आणि चार ओळी वाचून अर्थ सांगितला. घोड्याला शूल उठला तर त्याला बसू देऊ नये, चालवत ठेवावं. टाळ्या पडल्या. दादासोनंही वाजवल्या.

समारंभानंतर त्यानं महाबळेश्वरला मुलीला फोन लावला. पुस्तक सापडलं, मंडळातच होतं, असं सांगायला लागला. मुबश्शिरा म्हणाली, इथं पाऊस लय हाय, आवाज येत न्हाई. तिचा आवाज त्याला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

उरला आसिफ. शमशेर हुसेनबीला घेऊन एसटीनं सांगलीला गेला. आसिफचं दुकान बरं चाललं होतं. त्याचं लग्न झालं होतं, बायकोचं नाव अफसाना. लग्नाला हुसेनबी एकटीच जाऊन आली होती. तीन वर्षांचा एक मुलगा होता, त्याला शमशेरनं कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या मागंच राहायची खोली. आसिफनं आईला सलाम केला, बापाला खुर्ची दिली. शमशेर उभाच राहिला. कसं बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण त्यातलं काहीच आठवलं नाही.

"पुस्तक मंडळातच होतं," तो म्हणाला. "तू घेतलं नव्हतंस."

आसिफच्या हातात एक उघडा मोबाईल होता. त्यानं त्याचा एक बारीक स्क्रू चिमट्यानं उचलून ताटलीत ठेवला.

"मला ते तवाच ठाऊक हुतं, अब्बा. तुमालाच न्हवतं."

 मग, खरं तर बोलायला नको होतं ते शमशेर बोलला. लोक म्हणतात मीच ते परत नेऊन ठेवलं, सगळे म्हणतात, पण तसं नाही, ते मला पंचांगाच्या बासनात दिसलं आणि भीतीनं मी तशीच गाठ मारून परत पाठवलं. तू तरी तसं धरू नकोस. आसिफनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

"मी कसं सांगू?" तो म्हणाला. "शपथ घालून इचारू का?"

हुसेनबी खाली बसून ऐकत होती. पंचांगाच्या बासनाची गोष्ट तिला इथंच पहिल्यांदा कळत होती. नवऱ्याला पित्त झालं नव्हतं हेही. अफसानानं चहा आणला. तिच्यामागून छोटा आला, म्हाताऱ्याच्या पांढऱ्या दाढीकडं बघत त्यानं बापाला विचारलं, हे कोण. आसिफ म्हणाला, पाहुणे हायेत.

शमशेरनं चहा संपवला. जाण्याआधी त्यानं नातवाच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला, पण मूल आईच्या आड गेलं. दारात त्यानं हुसेनबीकडं बघितलं, चल म्हणून. ती उठली नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी हितं ऱ्हाते."

किती दिवस, असं त्यानं विचारलं. तिनं नातवाला मांडीवर ओढलं. आसिफनं बापाला स्टँडपर्यंत सोडलं नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

शमशेर एकटाच साताऱ्याला आला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. फरसनाम्याचं छापील सूचीपत्र काढायचं मंडळानं ठरवलं होतं, आणि त्यासाठी अख्खा ग्रंथ पानन् पान वाचून मजकूर लिहून द्यायचा होता. ते काम इंगवल्यांनी त्याच्याकडंच दिलं. संयोगिता आता कायम झाली होती, तिला स्वतःची खोली मिळाली होती. त्यामुळं समोर बसायला दादासो आला. शमशेरनं चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागला.